दोन रुपयांचं चॅलेंज

"बाई, ओ बाई! साडेतीनशे रुपयं कापणार हायत म्हणं!"

२०२४ ची भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. मी निरगुडीच्या कुंपणाला लागून चढवलेल्या पावट्याच्या वेलाला काठीचा आधार देत होते. पलीकडे आक्का इंद्रायणी भाताच्या पेंढ्या झोडायच्या सोडून कमरेवर हात ठेवून उभ्या. आमच्या भाटघरला बातमी धरणाच्या पाण्यासारखी वरून खाली येत नाही, ती कुंपणाकुंपणाने आडवी जाते. माझ्या घरी ती बहुतेक आक्कांच्या बाजूनेच शिरते.

"कोण कापणार, कुणाचे?"

"इलेक्शनवालं. वीस तारखेला जो मत देणार न्हाई त्याच्या खात्यातनं. आन् खात्यात नसलं तर मोबाइलच्या रिचार्जातनं. आता लाडक्या बहिणीचं दीड हजार कसंबसं पडाय लागलंय, त्यातनं साडेतीनशे गेलं म्हंजी माझ्या हातात काय ऱ्हायलं?"

"हे सांगितलं कुणी?"

"आमच्या नातवानं. मोबाइलवर हाय की. खोटं कसं आसंल?"

आक्कांचा नातू पुण्यात इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. हॉस्टेलवर राहतो, दिवाळीला घरी येतो, चकल्या संपवतो आणि अनारशाला हात लावत नाही, ही आक्कांची कायमची तक्रार. यंदा त्याने पिशवीतून धुवायचे कपडे आणले आणि फोनमधून बातम्या.

मी म्हटलं, "आक्का, ही बातमी पाच वर्षांची जुनी आहे. २०१९ च्या मार्चमध्ये होळीला नवभारत टाइम्सनं गंमत म्हणून छापली होती. खातं, रिचार्ज, साडेतीनशे, सगळं तेच. लोकांनी कात्रण कापलं आणि गंमत तिथंच ठेवली. तेव्हापासून दर निवडणुकीला ते कात्रण फिरतं, आणि दर निवडणुकीला सरकारचं पत्र सूचना कार्यालय सांगतं की खोटं आहे."

"म्हंजी शिमग्याची बोंब मला दिवाळीत ऐकू आली व्हय!" आक्का स्वतःवरच खो खो हसल्या. "पर कापत न्हाईत हे नक्की?"

"नक्की. आपल्याकडे मत दिलंच पाहिजे असा कायदाच नाही. गुजरातनं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांसाठी तसा कायदा केला होता, तो तिथल्या हायकोर्टानं २०१५ मध्ये थांबवला. मग दंड कसला आणि कापणार कोण?"

आक्कांचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी १९९५ सालची आठवण काढली. गणपती दूध पितोय म्हणून कळलं तेव्हा सकाळचा चहा बिनदुधाचा करून वाटीभर दूध त्यांनी देवळात नेलं होतं. "प्याला का?" मी विचारलं. "माझी वाटी यायच्या आधी त्याचं पोट भरलं व्हतं," आक्का म्हणाल्या. दूध परत घरी आणलं आणि मग पुन्हा चहा झाला.

एवढ्यात नातू बाहेर आला. तोंडात ब्रश, डाव्या हातात फोन. माझ्याकडे तो दुसरीत होता, त्यामुळे मला बघितल्यावर ब्रश आपोआप बाहेर निघाला.

"बाई, ते साडेतीनशेचं मी आजीला चिडवायला सांगितलं होतं. ते खोटंय हे मला माहितीय. पण हे बघा, हे खरंय. आमच्या हॉस्टेलच्या ग्रुपवर कलमांच्या नंबरासकट आलंय."

त्याने फोन कुंपणावरून पुढे केला. चष्मा आत होता, पण वाचायची गरजच पडली नाही. पहिल्या ओळीवरूनच ओळखलं. यादीत नाव नसेल तर घाबरू नका, आधार दाखवा, कलम ४९ ए खाली 'चॅलेंज व्होट' मागा आणि मत द्या. तुमचं मत आधीच कुणी टाकलं असेल तर 'टेंडर व्होट' मागा. एखाद्या केंद्रावर अशी मतं चौदा टक्क्यांच्या वर गेली तर तिथं पुन्हा मतदान होतं. शेवटी हात जोडलेली दोन चित्रं आणि जास्तीत जास्त लोकांना पाठवा.

या मजकुराची आणि माझी जुनी ओळख आहे.

२३ एप्रिल २०१९. बारामती लोकसभेचं मतदान. मी वेल्ह्याच्या बाजूच्या, म्हणजे आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिकडच्या, एका शाळेत केंद्राध्यक्ष होते. दोन दिवस आधीपासून डोक्यात नुसते फॉर्म. सतरा अ ही मतदारांची नोंदवही, सतरा ब वेगळा, चौदा वेगळा, लिफाफे वेगळे, लाख वेगळी. शाईची बाटली कलंडू नये म्हणून वाटीत वाळू घेऊन त्यात रोवून ठेवायची, हे सुद्धा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. सकाळी ऊन चढायच्या आत बायकांची रांग लागली. कडेवर पोरं, डोक्यावर पदर. त्या रांगेत एक पोरगा. स्वारगेटवरून पहिल्या एसटीने निघून, पुढे वडापने आलेला. अंगावर कॉलेजचा टी-शर्ट.

पहिल्या टेबलावर यादीत नाव सापडेना. आडनावाने शोधलं, बापाच्या नावाने शोधलं, शेवटची पुरवणी यादी बघितली. नाही. मग पोरानं खिशातून फोन काढला. खरं तर केंद्रात फोन आणायलाच बंदी, पण आता तो हातात आला होताच. "मॅडम, मला चॅलेंज व्होट द्या. कलम ४९ ए."

मी पुस्तिका उघडून त्याच्यासमोर धरली. ४९ ए मध्ये काय आहे माहितीये? मतदान यंत्राची रचना कशी असावी, ते. त्याला एक कंट्रोल युनिट असावं आणि एक बॅलेट युनिट असावं. यादीत नाव नसलेल्याने काय करावं याबद्दल त्यात अवाक्षर नाही. पोरगा माझ्याकडे बघे, फोनकडे बघे. त्याच्या फोनपुढे माझ्या हातातली आयोगाची छापील पुस्तिका त्याला खोटी वाटत होती! मागच्या बायका कुजबुजायला लागल्या, उमेदवारांचे प्रतिनिधी बाकावरून मान लांब करून मजा बघायला लागले. शेवटी पोरगा काहीच न बोलता निघून गेला. भाड्याचे पैसे गेले, दिवस गेला, बोट कोरंच राहिलं.

"मग चॅलेंज व्होट असतंच न्हाई का?" आक्कांनी विचारलं.

"असतं. पण ते मतदारानं मागायचं नसतं. समजा तुम्ही मत द्यायला आलात आणि बाकावर बसलेला एखाद्या उमेदवाराचा माणूस म्हणाला, ही बाई ती नव्हेच, दुसरीच कुणी हिच्या नावावर आलीय. तर त्यानं माझ्याकडे रोख दोन रुपये भरायचे आणि चॅलेंज करायचं. मी चौकशी करणार. तुम्ही तुम्हीच आहात असं निघालं तर तुम्ही खुशाल मत देणार. तुम्ही दुसऱ्याच कुणी निघालात तर मत नाही आणि वर पोलिसात."

"दोन रुपयं?" आक्कांना हसू आवरेना. "दोन रुपयांत माझ्यावर संशय?"

"नियम १९६१ चे आहेत, आक्का. आणि नाव यादीत असावंच लागतं. टेंडर मताचंही तेच. तुमच्या नावावर कुणी आधीच मत देऊन गेलं असेल तर तुम्हाला मतपत्रिका मिळते, कागदाची. यंत्राला हात लावायचा नाही. त्यावर खूण करायची, ती वेगळ्या पाकिटात जाते आणि मोजणीच्या दिवशी उघडतसुद्धा नाहीत. निकाल कोर्टात गेला आणि कोर्टानं सांगितलं तरच. नियम आहे तो ४९ पी, आणि त्यात चौदा टक्के कुठेच नाहीत. कुणाच्या सुपीक डोक्यातून आले कोण जाणे."

नातू फोनवर काहीतरी चाळत होता. मी मुद्दाम आवाज चढवला. माझं मत विचाराल तर साडेतीनशेवाला मेसेज निरुपद्रवी. त्याला घाबरून एखादी म्हातारी उलट मत द्यायला जाईल. हा चॅलेंजवाला खरा कावेबाज. तो घाबरवत नाही, गोड बोलतो. नाव नसलं तरी चालेल, आधार पुरेल, हक्क आहे तुझा, असं सांगून पोराला यादी बघू देत नाही. जी गोष्ट महिनाभर आधी दोन मिनिटांत झाली असती, ती मतदानाच्या दिवशी मास्तरणीच्या टेबलावर येऊन आपटते. तेव्हा कुणाच्याच हातात काही नसतं. धरणाचे दरवाजे उघडले म्हणून पावसाळ्यात फोन आला तर आपण आधी बाहेर येऊन नदीकडे बघतो ना? १९२७ पासून इथं धरण आहे, आपल्याला ती सवय आहे. यादीच्या बाबतीत मात्र कुणी नदीकडे बघायला तयार नाही.

"तुझं नाव बघितलंस का रे?" मी नातवाला विचारलं.

तो गप्प.

"नाव नोंदवायचा सहा नंबरचा फॉर्म भरला होतास का?"

आता आजीही गप्प. मग हळूहळू बाहेर आलं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याला अठरा पूर्ण झाली. हॉस्टेलवर नोंदणीवाले आले होते. पोरानं घरी फोन करून विचारलं, भरू का? आणि आक्कांनीच सांगितलं, अजिबात भरू नको. कुणाच्या तरी लग्नात त्यांनी ऐकलं होतं की पुण्याच्या पत्त्यावर मतदार झालं की गावच्या रेशनकार्डातून नाव जातं, शिष्यवृत्ती थांबते, आणि उद्या सातबाऱ्यावर नाव लावतानाही आडकाठी येते. मग गावाला भरायचं, तर दिवाळीत बघू, परीक्षेनंतर बघू करत ते राहूनच गेलं.

म्हणजे मोबाइलला नावं ठेवायची सोय राहिली नाही. हा मेसेज मांडवातून आला होता, तोही माणसांच्या तोंडून, जेवणाच्या पंगतीत.

"आक्का, रेशनकार्ड पुरवठा खात्याचं. सातबारा महसूल खात्याचा. शिष्यवृत्तीला उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा लागतो, रहिवासी दाखला लागतो. मतदारयादी यातल्या कुणाचं काही खात नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या पोरांना आयोगानं सरळ मुभा दिलीय. गावाला आईबापाच्या पत्त्यावर नाव लावा, नाहीतर हॉस्टेलच्या. वर्षाचा किंवा त्याहून मोठा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम हवा आणि हॉस्टेलचा पत्ता द्यायचा तर प्राचार्यांचा बोनाफाइड जोडायचा. एवढंच. मात्र दोन्हीकडे लावायचं नाही. तो गुन्हा आहे, खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते."

"मला काय म्हायती," आक्का पुटपुटल्या. "शिकलेली माणसं बोलत व्हती."

शिकलेल्यांचं कौतुक नको. २००८ मध्ये अमेरिकेत व्हर्जिनिया टेक नावाच्या मोठ्या विद्यापीठाच्या गावात, माँटगोमेरी काउंटीत, नेमकं असंच झालं होतं. आणि तिथं लग्नातल्या पाहुण्यांनी नव्हे, मतदार नोंदणी कार्यालयानेच पत्रक काढलं होतं की पोरांनो, कॉलेजच्या पत्त्यावर नाव लावलंत तर शिष्यवृत्तीवर, विम्यावर आणि आईबापाच्या कराच्या सवलतीवर परिणाम होऊ शकतो. बोभाटा झाला, आणि करखात्याच्या नियमात तसलं काही नाही हे उघड झालं. हे मी सांगितल्यावर आक्कांना फार बरं वाटलं. "अमेरिकेत बी?" त्यांनी दोनदा विचारलं. नातवाकडे बघून, "बघ, तिकडं बी आसंच हाय," असंही म्हणाल्या, जणू काही त्यामुळे त्याचं मत परत येणार होतं.

"आता भरतो की," नातू म्हणाला. "ऑनलाइन होतं ना?"

"भर. आजच भर. पण या वीस तारखेला उपयोग नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादी बंद होते. ती गेली एकोणतीस ऑक्टोबरला."

त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण खोटी समजूत घालण्यात अर्थ नव्हता. १९८९ पर्यंत तर एकवीस वर्षं पूर्ण व्हावी लागत. एकसष्टावी घटनादुरुस्ती झाली आणि अठरावर आलं. त्यानंतरही कितीतरी वर्षं फक्त एक जानेवारी धरायचे, दोन जानेवारीला जन्मलेला बिचारा वर्षभर तिष्ठत बसे. आता जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा चार पहिल्या तारखा धरतात, आणि सतरा पूर्ण झाली की आगाऊ अर्जही घेतात. एवढं सगळं सोपं करून ठेवल्यावर पोरगं पंगतीतल्या गप्पांवर अडतं.

"खालच्या आळीतली ती पोरगी बघा," मी म्हटलं.

"कोन, लांब येणीवाली? तिचं तर जमलंय म्हणं, शिरवळच्या—"

"ते नंतर. तिनं सतराव्या वर्षीच अर्ज दिला. भोरच्या कॉलेजात जाता जाता अंगणवाडीच्या बाईंना गाठलं, त्याच आपल्या भागाच्या बीएलओ, म्हणजे यादी सांभाळणाऱ्या. लोकसभेला मे महिन्यात मत देऊन आली. आता नर्सिंगला सांगलीला गेलीय आणि तिला कुणी सांगितलं, तू बाहेरगावी गेलीस, तुझं नाव 'शिफ्टेड'मध्ये टाकलं, आता येऊ नकोस. रडत फोन केला तिनं मला."

ही अफवा मात्र पूर्ण हवेतली नाही. गैरहजर, स्थलांतरित आणि मयत अशी एक वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे असते. बीएलओ घरी गेले आणि कुणी सांगितलं की पोरगी सांगलीला असते, तर त्या यादीत खूण होऊ शकते. पण खूण म्हणजे नाव कापलं नव्हे. मूळ यादीत नाव आहे ना, मग ती मत देऊ शकते. केंद्राध्यक्ष तिचं ओळखपत्र जरा निरखून बघणार, सहीबरोबर अंगठाही घेणार, इतकंच. तिला मी म्हटलं, अस्सल आधारकार्ड घेऊन ये. फोनमधलं नको, फोन बाहेर ठेवावा लागतो. कॉलेजचं ओळखपत्रही नको, ते आयोगाच्या बारा पुराव्यांत नाही. पॅन चालतं, लायसन्स चालतं, पासपोर्ट चालतो, फोटो चिकटवलेलं बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक चालतं, रोजगार हमीचं जॉबकार्डसुद्धा चालतं. घरी वाटतात ती मतदार चिठ्ठी नुसती आणून भागत नाही, २०१९ पासून.

"माझं पासबुक चालंल?"

"फोटो आहे ना त्यावर? चालेल."

"फोटूत मी वळखू येत न्हाई, पर हाय."

नातवानं शेवटचं अस्त्र काढलं. हॉस्टेलमधली पोरं म्हणतात, सगळ्यांनी नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणी नाही', दाबायचं, नोटा पहिला आला की निवडणूक रद्द, उमेदवार नवे. मी म्हटलं, हे अर्धं खरं आहे आणि म्हणूनच चिवट आहे. आयोग दोन आहेत. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगानं नोव्हेंबर २०१८ मध्ये आदेश काढला की महापालिका-नगरपरिषदेत नोटा सगळ्यात पुढं गेला तर त्या जागेची फेरनिवडणूक. भोर नगरपरिषदेला ते लागू. पण वीस तारखेची निवडणूक विधानसभेची, ती दिल्लीच्या आयोगाची, तिथं तसा नियम नाही. नोटाच्या खालोखाल ज्याला मतं तो निवडून आला. २०१९ ला लातूर ग्रामीणला नोटा दुसरा आला होता, साडेसत्तावीस हजार मतं घेऊन. कुणाचं काही अडलं नाही. नोटा दाबायचा तर खुशाल दाबा, तो हक्क आहे, पण काय होणार हे माहीत असून दाबा.

"तुला तर काहीच दाबता येणार नाही," हे मी म्हटलं नाही. आजीनं म्हटलं.

पोरगं खरं तर चांगलं. तिथंच कुंपणाला टेकून त्यानं आयोगाची साइट उघडली, आईचं, बापाचं, आजीचं नाव शोधून दाखवलं, केंद्र कोणतं आणि यादीत कितवा नंबर ते सुद्धा. मग सहा नंबरचा फॉर्म उघडला. मी सांगितलं, एप्रिलपासून आयोगानं अफवांचं एक रजिस्टरच साइटवर ठेवलंय, एका बाजूला खोटं आणि दुसऱ्या बाजूला खरं, ते हॉस्टेलच्या ग्रुपवर टाक. आणि काही अडलं तर १९५० ला फोन लाव. तो म्हणाला, टाकतो, पण कुणी वाचणार नाही बाई, लांब आहे. त्यापेक्षा यादीत स्वतःचं नाव शोधा आणि स्क्रीनशॉट टाका अशी पैज लावतो. हे मला सुचलं नसतं.

आक्का एवढा वेळ शांत होत्या म्हणजे काहीतरी शिजत होतं. त्यांनी पदराला हात पुसले, कमरेचा फोन काढला आणि भावकीच्या ग्रुपवर बोलायला तोंडाजवळ धरला.

"ऐका गं समद्याजणी. बाईंनी सोता सांगितलंय, बाई इलेक्शनला व्हत्या. त्ये साडेतीनशे कापत्यात त्ये साफ खोटं हाय. फकस्त दोन रुपयं लागत्यात. आन् कालेजातल्या पोरांनी बोनाफाइड आणल्याबिगर मत घेत न्हाईत. फुडं पाठवा."

"आक्का! थांबा, सोडू नका!" माझ्या हातातली काठी वेलासकट खाली आली.

"गेलं की," आक्का म्हणाल्या आणि फोन कानाला लावला, कारण तो लगेच वाजला होता. दोन मिनिटं हं हं केलं. मग फोनवर हात ठेवून मला हळूच विचारलं, "थोरली जाऊ हाय. दोन रुपयं सुट्टंच न्यायचं का, म्हणती."